कार्बोरेटरचा डॉक्टर

कार्बोरेटरच्या दुखण्यात माझा हात धरील असा माणूस अख्ख्या गोंदियात नव्हता. निदान मी तरी सगळ्यांना तसं सांगत असे.

लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात मी एक मोटारसायकल घेतली आणि दसऱ्याला मिरवत कामठ्याला, सासुरवाडीला नेली. तिची पूजाही मीच केली. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर ओलं कुंकू थापलं, त्यात अक्षता अंगठ्यानं दाबून बसवल्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाहत होते ना!

दुसऱ्या दिवशी मामाजींना माझ्या धाकट्या मेहुणीसाठी मुलगा पाहायला बालाघाटची रेल्वे गाठायची होती. ती चुकली, तर मुलाकडचे दुसरीकडे होकार द्यायला टपलेलेच होते. मामाजींनी रेंगीला बैल जुंपले होते. मी ते सोडायला लावले. (बैलांनी माझ्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं.)

गाव मागे पडताच मोटारसायकल खोकली आणि गप्प झाली.

"कचरा अडकला," मी निदान केलं. कार्बोरेटर उघडला, पेट्रोल येतं त्या जेटचं बारीक भोक फुंकून साफ केलं, सगळं जोडलं, पेट्रोल आहे ना म्हणून टाकीचं झाकण काढून डोकावलो. टाकीनं फुस्सकन सुस्कारा सोडला. झाकण लावून किक मारली, गाडी सुरू! थोडं पुढे गेल्यावर पुन्हा खोकला. पुन्हा कार्बोरेटर, पुन्हा झाकण, पुन्हा माझा विजय. तेवढ्यात शेजाऱ्याची रेंगी आम्हाला मागे टाकून गेली.

"जवाईबापू, आता काऊन बंद पडली?"

"कचरा, मामाजी."

"कचरा गाडीत हाय का गाडीवर?"

पुढच्या शस्त्रक्रियेत झाकण मामाजींच्या हातात दिलं आणि चिडून ते न लावताच निघालो. गाडी सुटली ती थेट स्टेशनावर! पेट्रोलचे शिंतोडे दोघांच्या धोतरांवर, पण खोकला नाही. मामाजी डब्यात चढले, रेल्वे हलली, आणि खिडकीतून त्यांनी झाकण माझ्या हाती टेकवलं. ते लावताना कुंकवाचा पोपडा निघाला. खाली एक बारीक भोक होतं. टाकीत हवा जायची तेवढीच वाट. हवा आत गेली नाही, तर पेट्रोल खाली उतरत नाही. ती वाट मी मंत्र म्हणत बुजवली होती.

मेहुणीचं लग्न जमलं. पुढच्या दसऱ्याला मी तबक घेऊन गाडीकडे निघालो, तर मामाजींनी ते काढून माझ्या बायकोच्या हाती दिलं.

"टिळा जवाईबापूच्या कपाळाले लाव. तिथून तसंबी काही अंदर जात नाही."

बायकोनं लावला. अक्षता अंगठ्यानं चांगल्या दाबून.