एलेनी मिसचं थू थू थू

सानिका, खुर्ची ओढ, जवळ ये आणि हे शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात टाकून द्यायची तुझी खोड मला ठाऊक आहे. बाळाचा फोटो जगाला दाखवलास, आणि गालाला साधी तीट नाही? पुण्यात काजळ मिळेनासं झालंय का? हे रागावणं माझं नाही, एलेनी मिसचं आहे. ती कोण ते सांगते.

मस्कतला आम्ही हमरियात राहायचो तेव्हा मी जवळच्या एका भारतीय शाळेत आया होते. एलेनी मिस तिसरीला गणित शिकवायची. ग्रीसमधल्या कुठल्याशा बेटावरची. केरळच्या, जहाजावरच्या एका इंजिनियरशी लग्न करून इथे आली. तो गेला, त्याला इथल्याच मातीत पुरलं, आणि ही त्याला सोडून जाईना. उंच, हाडापेराने मजबूत, बारा महिने पायात त्याच सपाता. हिंदी तिने स्कूलबसच्या ड्रायव्हरकडून उचललेली, त्यामुळे ती बोलली की गाडी मागे घ्यायला सांगतेय असं वाटायचं.

"गलती बडी लिखो," मुलांना म्हणायची, "छोटी लिखेगा तो छुप जाती है."

शिकवणीला पोरं पाठवणाऱ्या पालकांचा तिला भारी तिटकारा. "घर में चम्मच से खिलाते हैं, फिर मेरे को पूछते हैं दाँत क्यूँ नहीं आया." मी सातवी नापास बाई. शाळा सुटल्यावर फळा पुसायच्या आधी तो वाचत उभी राहायचे. मिस मुद्दाम पर्स हळू आवरायची. माझं इंग्रजी हे असं झालं.

आता तिची सवय सांगते. कुणाचं गणित बरोबर आलं की ती त्या पोराची हनुवटी धरून "शाब्बास" म्हणायची आणि लगेच डोक्यावरून तीनदा कोरडं थू थू थू करायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दारातच हसले. गुहागरला माझी आई, म्हणजे तुझी आजी, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या की शेवटी हेच करायची.

"मावशी, मैं बोला बच्चा अच्छा है," मिस म्हणाली. "अब कोई सुनेगा, जलेगा. तो थूकना पडता है. झूठा-झूठा."

मला कळलं. बेटावरच्या बाईचं गुहागरच्या बाईला कळलं. कळलं नाही ते सबनीस साहेबांना. पालक समितीतले हे गृहस्थ मूळचे सांगलीचे, पण विमानातून उतरतानाच मराठी वरच्या कप्प्यात विसरून आलेले. त्यांच्या आर्याला भागाकार काही केल्या जमेना. मिस रोज मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसायची. एक दिवस जमला, मिसने थू थू थू केलं, आणि पोरीने आनंदाने घरी जाऊन सांगितलं. साहेबांनी भागाकार ऐकलाच नाही. थुंकणं तेवढं ऐकलं आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं.

मीटिंग बसली. चहा मी घेऊन गेले.

"टीचर बच्चों पर थूकती है. धिस इज अनहायजिनिक," सबनीस म्हणाले.

"मिस, माफी लिखकर दीजिए," प्रिन्सिपल म्हणाले. "नहीं तो आपका वीजा रिन्यू करना मुश्किल है."

नोकरी गेली की देश सोडायचा, आणि नवरा इथे मातीत. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे बिस्किटं बुडवत होते.

"बच्ची पर नहीं थूका," मिस म्हणाली. "नजर पर थूका. माफी किसका?"

"मावशी, आप कप रखो और निकलो," सबनीस मला म्हणाले. मी कप ठेवले. निघाले नाही.

"साहेब, परवा नवी गाडी घेऊन आलात तेव्हा चाकाखाली चार लिंबं ठेवली होतीत. पार्किंगमधून मीच झाडून काढली. बंपरखाली मिरच्या अजून लटकताहेत. गाडीला नजर लागते, पोरीला लागत नाही होय?"

शिकलेली माणसं पकडली गेली की फाइल उघडतात. त्यांनी उघडली. माफी नको, पण थू थू बंद. मार्चपर्यंत नोकरी, पुढचा करार नाही.

मिसने सही केली. "खलास," म्हणाली. "तो तारीफ भी खलास."

आणि खरंच, त्या दिवसापासून गणित बरोबर आलं की फक्त "नेक्स्ट". पोरं वही दाखवून डोकं किंचित खाली करून उभी राहायची, वाट बघत. आर्या सगळ्यात जास्त वेळ. मिस खिडकीकडे बघायची.

मार्चमध्ये निरोप समारंभ केला. काढून टाकायचं आणि वर शाल घालायची, ही कला आपल्याच लोकांना साधते. प्रिन्सिपलनी "आदर्श शिक्षिका" असं चारदा म्हटलं, सबनीसांनी स्टेजवरून टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आर्या रांगेतून निघाली आणि सरळ मिससमोर जाऊन उभी राहिली. हात पुरेना. मिस वाकली. पोरीने तिची हनुवटी धरली, "शाब्बास" म्हणाली आणि तीनदा थू थू थू केलं. मग सगळी तिसरी करू लागली, मग चौथी. सबनीसांचे टाळीचे हात तसेच हवेत.

मिस रडली नाही. म्हणाली, "यल्ला, लाइन सीधी करो."

आता ती बेटावर बहिणीकडे असते. मी मुलाकडे, मस्कतच्याच दुसऱ्या टोकाला अल हैलला आले, तरी महिन्यातून एकदा टॅक्सी करून तिच्या नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवून येते आणि शुक्रवारी तिला फोनवर दाखवते. गेल्या शुक्रवारी तुझ्या बाळाचाही फोटो दाखवला. मिसने आधी पडद्यावर तीनदा थू थू केलं, मग चष्मा पुसून माझ्यावर उखडली.

"काला टीका किधर? फोन से नहीं लगता मावशी. बच्चा लेके तुम्हारे पास आने को बोलो."

मी बोलले. डिसेंबरात इथलं ऊन उतरतं. बाळाला घेऊन ये लवकर, काजळाची डबी काढून ठेवली आहे.