डबी न लावलेली फीत

सकाळपासून आभाळ भरून आलेलं, हवेत ओल. जुन्या ध्वनिफितींचं काम करणाऱ्याला ओल म्हणजे वैरीण. कानमावशीने ऑफिसात आल्या आल्या खिडकी लावली आणि ओव्हन सुरू केला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची फीत तशीच मशीनवर चढवली तर तिच्यावरचा लेप चिकट होऊन सुटतो. म्हणून ती आधी मंद आचेवर तासन् तास शेकायची. ऑफिसातले म्हणत, घरी स्वयंपाक नवरा करतो आणि मावशी इथे वाद्यवृंद भाजते.

पण तिचं खरं काम ऐकण्याचं. एका बाजूला वाद्यवृंदाची जुनी तबकडी, दुसऱ्या बाजूला त्याच वादनाची, मूळ फितीवरून नव्याने उतरवलेली भारी फाईल, मध्ये एक बटण. आळीपाळीने ऐकायचं आणि ठरवायचं: नवं खरं आहे की नुसतंच घासूनपुसून चकचकीत केलंय? मग वहीत शेरा लिहायचा. एकोणतीस वर्षं हेच. मागच्या रांगेतल्या वादकाची खुर्ची कुठे करकरली, हे ती तबकडी लावायच्या आधी सांगायची. तिने ‘ठीक’ लिहिलं की साहेबसुद्धा पुन्हा ऐकत नसत.

गेली दोनेक वर्षं मात्र तिला सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटायचं. आधी तिने मशीनला दोष दिला, मग स्पीकरला, मग नव्या जमान्याला. घरी नवरा तापाने पडला होता तेव्हा थर्मामीटर कधीचा वाजत होता आणि ही शेजारी बसून होती. त्याने विचारलं तर म्हणाली, बॅटरी उतरली असेल.

आणि मग मागच्या आठवड्यात एका फितीची फाईल ऐकताना ती खुर्चीत ताठ झाली. तबकडी मळकट, फाईल लख्ख. व्हायोलिनच्या गजाचे केस तारेवर घासत होते ते ऐकू येत होतं. झांजेला पुन्हा धार आली होती. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वहीत लिहिलं, ‘उत्तम. तबकडीपेक्षा उजवं.’ उत्तम हा शब्द त्या वहीत क्वचितच सापडला असता.

आज दुपारी शेजारच्या खोलीतला दाढीवाला आला. त्याला हे काम तिनेच शिकवलेलं. आता त्याची दाढीही पांढरी व्हायला लागली होती. त्याने आत येऊन दार लावून घेतलं तेव्हाच तिला काहीतरी कळलं.

“मावशी, त्या ‘उत्तम’मधली व्हायोलिनं चावतायत.”

“चावतायत म्हणजे?”

“फीत उतरवताना डबी लावायची राहिली.”

त्या काळातल्या फितींची एक खोड होती. फितीची खरखर दाबायला बारीक, उंच सूर मुद्दाम चढवून भरलेले असत. वाजवताना मधे एक डबी जोडायची, ती ते सूर खाली आणते आणि त्यांच्याबरोबर खरखरही बसते. डबीशिवाय वाजवलं तर कानात टाचण्या. नवशिक्याला पहिल्या दिवशी कळावी अशी गोष्ट.

तिने त्याला दोन्ही वाजवून दाखवायला लावलं. डबीशिवाय आणि डबीसकट. डबी लावली आणि वाद्यवृंद परत गोधडीखाली गेला. पुन्हा लाव, म्हणाली. त्याने लावलं. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, आता डबीशिवाय खरखर येते का? तो म्हणाला, येते म्हणजे काय, दारापर्यंत येते. तिला काहीच येत नव्हतं. बारीक सुरांतले जे चढवून भरले होते, तेवढेच तिच्यापर्यंत पोचले होते.

दाढीवाल्याच्याही ध्यानात आलं. त्याने बटणाशी चाळा केला. मग म्हणाला, फाईल दुरुस्त होते, डबी नंतर लावली तरी चालतं. विसरायला काय, कुणीही विसरतं. साहेबांना तेवढंच सांगू.

“एवढ्या एका वेळी कानावर हात ठेवा, मावशी.”

“ठेवले काय नि न ठेवले काय. तेवढंच ऐकू येतंय.”

तो हसला नाही. तिने वही ओढली, ‘उत्तम’वर काट मारली आणि लिहिलं, ‘डबी नव्हती. मला कळलं नाही. गेल्या दोन वर्षांतले माझे सगळे शेरे पुन्हा तपासावेत.’ तीनशेच्या वर फिती होत्या. सही करून वही तिने स्वतःच साहेबांकडे नेली.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, आणि कधी नव्हे ते मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलले. सोमवारपासून ऐकायचं काम दाढीवाल्याकडे. तुम्ही फिती शेकायचं आणि जोडायचं बघा. मोठ्याने बोलायची गरज नव्हती. बोलणं तिला नीट ऐकू येत होतं. ते तिने सांगितलं नाही.

खोलीत परतल्यावर तिने हेडफोन खुंटीला लावले आणि एक रीळ टेबलावर घेतलं. पहिलाच जोड हातात सुटला, गोंद वाळून पिवळा पडलेला. तिने दोन्ही टोकं पुसली, तिरपी कापली, एकमेकांना भिडवली, वर नवी पट्टी लावून नखाने घट्ट घासली. मग पुढचा जोड येईपर्यंत ती रीळ हाताने फिरवत राहिली.