शिवकांताबाईंच्या हातची भाकरी

शिवकांताबाईंवर मी नको तेवढा भडकलो, हे आधी कबूल करतो. निलंग्यात नाल्यापलीकडं त्यांची अकरा डुकरं होती. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. लस टोचायला गेलो की ओरडायचो, डुकरं कोंडून ठेवा. वस्तीतल्या संडासांत लोकांनी सरपण रचलेलं. माणसं नाल्याकाठी बसायची, डुकरं तिथंच चरायची. पण ओरडा खायला एकट्या शिवकांताबाई.

मग त्यांचे मालक रेवणप्पा यांना फिट येऊ लागली. लातूरला तपासणीत मेंदूत गाठी निघाल्या, डुकराच्या मटणातल्या जंताच्या. बाई चक्रावल्या. रेवणप्पा माळकरी. डुकरं राखायचे, पण मटण कधी तोंडाला लावलं नाही.

तिथले डॉक्टर म्हणाले, डुकरं तपासा. आमचे साहेब म्हणाले, माणसांचे आजार आपल्याकडं येत नाहीत. बाईंनी दोन्हीकडं खेटे घातले. वस्तीनं तगादा लावला तशी डुकरं विकून टाकली.

महिन्याभरानं त्या माझ्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. "डुकरं इकली, गोळ्या चालू हायत, तरी फिट येऊनच राहिली, साहेब. आता काय इकू?"

मी त्यांच्यासमोरच लातूरच्या ओळखीच्या डॉक्टर हुमांना फोन लावला. त्या म्हणाल्या, जुन्या गाठी लगेच जात नाहीत. मग विचारलं, "घरात स्वयंपाक कोण करतं? त्यांची तपासणी झाली?"

एवढ्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

बाई रविवारी मटण विकायच्या. साबुदाण्यासारखे दाणे दिसले की गिऱ्हाईक घेत नसे. ते मटण त्या स्वतःपुरतं शिजवायच्या आणि मीठ बघायला अर्धकच्चा तुकडा चाखायच्या. तपासणीत त्यांच्या पोटात जंत निघाला. मी समजावलं, ते दाणे म्हणजे जंताची पिल्लं; दाण्यांतून जंत तुमच्या पोटात, त्याची अंडी शौचावाटे हाताला लागून भाकरीत, भाकरीतून मालकांच्या डोक्यात.

बाई हातांकडं बघत राहिल्या. "म्हंजे डुकरानं न्हाई. म्याच दिलं."

औषधानं जंत पडला. पुढची तपासणी स्वच्छ आली. आता हात धुऊन खुशाल भाकरी करा, असं मी तीनदा सांगून आलो. माझं कोण ऐकतं?

परवा गेलो तेव्हा रेवणप्पाच चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. फिट आली तर विस्तवात पडू नयेत म्हणून बाई मागं त्यांचा सदरा घट्ट धरून बसल्या होत्या. पिठाला मात्र त्यांनी हात लावला नाही.