उसना जीव

धुळ्यात, देवपूरच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी कोणती भाजी फोडणीला पडली हे पुष्पाबाईला वासावरून कळायचं, आणि कुणाच्या घरी काय बिनसलं हे भिंतीवरून. घरं एकमेकांना चिकटलेली, मधल्या भिंती चार इंचाच्या. अशा बाईच्या शेजारी राहून सुकदेव पाटलानं वीस-पंचवीस वर्षं एक गोष्ट लपवून ठेवली, याबद्दल खरं तर त्याचा सत्कारच व्हायला हवा होता. नारळ आला, पण तो वेगळ्या कामाला.

गोष्ट अशी, की रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की सुकदेव दार लोटून घ्यायचा, आणि तो आणि त्याची बायको भिकुबाई खाली सतरंजीवर मांडी घालून व्हिडिओ गेम खेळायचे.

हसा. गल्लीला कळलं असतं तर गल्लीही हसली असती, म्हणून तर दार लोटायचं.

तो डबा सुकदेवनं जळगावहून आणला होता, मुलगी दीपमाला चौथीत पहिली आली तेव्हा. पांढरा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं 'नऊशे नव्याण्णव गेम', आत निघाले सात. दीपमालाचं मन महिनाभरात उडालं. पुढे ती शिकली, जळगावच्या योगराजशी लग्न होऊन गेली. डबा मात्र गेला नाही. ढेरपोट्या टीव्हीखाली, फुलाफुलांच्या फडक्याखाली राहिला.

सातांपैकी नवरा-बायको एकच खेळत. टँकवाला. सुकदेवचा टँक पिवळा, भिकुबाईचा हिरवा. वरून शत्रूचे टँक येतात, आणि खाली मधोमध विटांच्या चौकटीत एक पक्षी बसलेला असतो, त्याला जपायचं. पक्षी मेला की तुमच्याकडे कितीही टँक शिल्लक असोत, खेळ खलास. पक्षी बहुधा गरुड असावा, पण पडद्यावर तो नखाएवढा दिसे. भिकुबाईनं पहिल्याच दिवशी निकाल दिला, "हाऊ तं कावळा शे." झाला कावळा. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घातल्या की हीच बाई कावळ्यांना खडे मारायची, आणि संध्याकाळी त्याच कावळ्यासाठी जिवाचं रान करायची.

प्रत्येकाला तीन टँक मिळत. दीपमाला लहानपणी त्यांना 'लाइफ' म्हणायची. भिकुबाईच्या तोंडात तो शब्द काही बसेना. ती म्हणायची 'जीव'. आणि एक सोय अशी होती, की आपले तिन्ही संपले तर एक बटण दाबून जोडीदाराचा एक घेता येई. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा. म्हणून तो 'उसना जीव'.

उसने घेणारा नेहमी सुकदेवच. तो चाळीस वर्षं जिनमध्ये कामाला. कापूस, सरकी, आणि हवेत दिवसभर तरंगणारी रुई. "धुळ्याना माणूस धूळले काय भियस?" असं तो ऐटीत म्हणायचा. धुळीनं ते ऐकून घेतलं आणि छातीत घर केलं. साठीला आला तेव्हा जिना चढताना तीनदा बसायचा. ऐन लढाईत खोकल्याची उबळ यायची, रिमोट हातातून सुटायचा आणि पिवळा टँक फुटायचा. मग तो विचारायच्या आधीच बटण दाबायचा. भिकुबाई मागून म्हणायची, "ल्या, ल्या. मना एक जीव ल्या. मनाकडे दोन शेतस."

डॉक्टरांनी त्याला श्वासाचं यंत्र दिलं. प्लास्टिकच्या तीन नळ्या, तीन गोळे. श्वास ओढून गोळे वर उचलायचे. भिकुबाईनं ते उलटसुलट पाहिलं. "देखा, डॉक्टरनी बी तीनच जीव दिधात." सुकदेवचा एक गोळा उचलला जायचा. दुसरा थरथरायचा. तिसऱ्यानं कधी हालचाल केली नाही.

आणि पलीकडे, चार इंचाच्या भिंतीला, पुष्पाबाई.

तिला टँक दिसत नव्हते. तिला ऐकू यायचं ते एवढंच: आधी फूं फूं असं फुंकल्याचा आवाज (कॅसेटमध्ये धूळ असली की चित्र येत नाही, ती तोंडानं फुंकावी लागते), मग बारीक टिणटिण, मग बाईचा आवाज, "ल्या, मना एक जीव ल्या." कधी, "आते मनाकडे एकच उरना." हे रोज, दिवा लागल्यावर, दार लोटून. आता यातून सरळ अर्थ काढायला ती पुष्पाबाई कशाला राहिली असती?

गेल्या दिवाळीत जावई आला होता. योगराज माणूस चांगला, फक्त नव्या वस्तूंचा अभिमान स्वतः बनवल्यासारखा. त्यानं फडकं उचललं आणि हसला.

"आबा, हे अजून ठेवलंय? भंगारवालासुद्धा घेणार नाही. घरी या, माझ्याकडचा गेम दाखवतो. माणसाच्या दाढीचा केस न् केस दिसतो त्यात."

"केस मोजाले न्हावी शे मनाकडे," सुकदेव म्हणाला.

योगराज हसला, पण सोडेना. "यात आहे काय पण? चार चौकोन इकडून तिकडे."

मग सुकदेव, जो चार शब्दांवर पाचवा बोलायचा नाही, तो बोलला. मध्ये मध्ये श्वास घेत. "तुमना गेम माणूसले नाव इचारस. नंबर इचारस. रोज नवं काही मांगस. हाऊ काहीच इचारत नही. लाईट गयी तं बठ्ठं इसरी जास, आन परत पहिलेपासून. मालकले बी तेच, हमालले बी तेच. दोन बटणं शेतस. पुढे जा, नही तं मार. यानापेक्षा जास्त बटणं जिनगीमा बी नही भेटनात माले."

दीपमाला स्वयंपाकघरातून ऐकत होती. आई पदराआड हसत होती. म्हातारा एका खेळण्यासाठी एवढा का तापतो, हे लेकीला कळलं नाही. आईनंही सांगितलं नाही. लाजली असेल.

त्या खेळात पस्तीस राऊंड होते. पण डबा काही लक्षात ठेवत नसे, आणि धुळ्याची वीज तर माणसांनाही लक्षात ठेवत नाही. कधी लाईट जायची, कधी कुकरची शिट्टी व्हायची, कधी खोकला. दोघं मिळून एकतिसाव्याच्या पुढे कधी गेले नव्हते. भिकुबाईला एकच ध्यास: पस्तीसनंतर काय असेल? "माले वाटस, शेवटले कावळा उडत व्हई," ती म्हणायची. "इतलं जपं आपण त्याले, उडावाच पाहिजे ना?"

सुकदेव तेव्हा पडद्याकडे बघत राहायचा.

वैशाखात एका सकाळी भिकुबाई गच्चीवर बिबड्या घालायला गेली. अर्ध्या खाटेवर घातल्या. अर्धी खाट मोकळी, पातेल्यात पीठ तसंच, आणि शेजारी ती. छातीत दुखतंय हे दोन दिवस तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याचा श्वास सगळी गल्ली मोजत होती तो खाली चहा पीत बसलेला, आणि जिच्याकडे कुणी कधी पाहिलं नाही ती गेली. सुकदेव तीनदा बसून जिना चढला तोवर कावळ्यांनी ओल्या बिबड्या खाऊन टाकल्या होत्या.

चौथ्या दिवशी पुष्पाबाईनं दीपमालाला मोरीपाशी गाठलं.

"बेटा, सांगू नये, पन सांगस. तुना बाप रोज फुंकर मारे आन तुनी माय म्हने, मना जीव ल्या. मी मना कानघाई आयकं. तो वाचना आन ती गयी. आते तूच समज."

दीपमाला बी.एस्सी. झालेली. तिनं पुष्पामावशीला झापलं. पण दुःखाला डिग्री नसते. चहा ती बापाच्या हातात द्यायची, तो दुसऱ्या दिवसापासून समोर जमिनीवर ठेवायला लागली. सुकदेवनं पाहिलं. गल्लीत लोक त्याच्याकडे बघून आवाज खाली करत, तेही पाहिलं. काय बोलतात ते त्याला पितांबरकडून, म्हणजे शिरपूरच्या मेव्हण्याकडून कळलं. तो म्हणाला, "भाऊजी, खरं काय ते एकदा सांगी टाका." सुकदेव काय सांगणार? आम्ही दोघं म्हातारे लहान पोरांचा खेळ खेळत होतो, आणि मी रोज तिचे जीव घेत होतो, हे खरं आहे? त्याला स्वतःलाच आता शब्दांतला फरक नीट लागत नव्हता. गल्लीचं सोडा. लेकीनं तरी चहा हातात द्यावा, एवढंच त्याला हवं होतं.

दहाव्याला सगळी पांझरा नदीच्या काठावर. पिंड मांडला. समोरच्या कडुलिंबावर पाच-सहा कावळे, पण एकही खाली येईना. अर्धा तास झाला. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल बाईंची, बोला."

योगराज पुढे झाला. "मामी, आबांना आम्ही जळगावला नेतो. काळजी करू नका." कावळ्यानं मान वाकडी केली.

दीपमाला म्हणाली, "आई, तुझ्या नातीला तुझ्यासारख्या बिबड्या शिकवीन." नाही.

पितांबरनं नारळ वर धरला. "अक्का, मुक्ताईनगरले तुना नावना नारळ देस." तो नारळही वाया.

मागून कुणी पुटपुटलं, "आयुष्यभर खडे मारेल शेतस तिनी, येतीन कसा?" दोघं-तिघं खुदकन हसली, आणि लगेच गप्प झाली. कारण पुष्पाबाई बोलली होती, सगळ्यांना ऐकू जाईल अशी: "ज्यानी जीव लिधा, त्यानी बोलावं."

सगळ्या माना सुकदेवकडे वळल्या. दीपमालाचीसुद्धा. ती वळायला नको होती.

सुकदेव गुडघ्यावर हात टेकून उठला. पिंडासमोर उभा राहिला. आधी श्वास गोळा केला, यंत्राचा गोळा उचलावा तसा.

"भिकू," तो म्हणाला, "पस्तीसनंतर काहीच नही शे. कावळा उडस नही. परत पहिलाच येस. मी देखेल शे."

गुरुजींनी पंचांगात डोकं घातलं. पुष्पाबाईनं शेजारणीला कोपर मारलं. "मंतर! देख, मंतर म्हनस!"

पण दीपमालाच्या डोक्यात काहीतरी सरकलं. पस्तीस. पहिला. पिवळी कॅसेट. चौथीतली सुट्टी, विटांची चौकट, आणि तिची 'लाइफ'. आईला ते म्हणता येत नव्हतं. जीव! तिनं तोंडावर पदर दाबला, आणि हसतेय की रडतेय हे जवळच्यांनाही कळलं नाही.

"मावशी," ती पुष्पाबाईकडे वळून म्हणाली, "तो गेम आहे. टीव्हीवरचा. माझा आहे तो."

पुष्पाबाईच्या चेहऱ्यावर निराशा अशी, की जणू तिचंच कुणी गेलं.

आता गोष्ट इथं संपली असती तर कावळाही आला असता. तो आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मोकळे झाले. लोक पायऱ्या चढू लागले. दीपमालानं बापाचा दंड धरला, आणि दर पायरीला श्वास घेत त्यानं तिला रोजचा खेळ, एकतिसावा राऊंड आणि भिकुबाईचा उडणारा कावळा सांगितला. चार पायऱ्यांवर ती थांबली.

"आबा, तुम्ही तर कधी एकतीसच्या पुढे गेला नव्हता म्हणता. मग पस्तीसनंतरचं पाहिलं कधी?"

"तुना बाळंतपणले ती जळगावले व्हती. सव्वा महिना. एक दिन लाईट गयीच नही."

"एकट्यानं?"

"एकलाच."

"आणि तिला सांगितलं नाही?"

"तिले वाटे, कावळा उडी."

दीपमालानं दंड सोडला नाही. पण उरलेल्या पायऱ्या ती त्याच्याकडे न बघता चढली.

संध्याकाळी तिनंच फडकं उचललं. सुकदेवनं सवयीनं कॅसेट तोंडाशी नेली. फुंकायला गेला तर नुसता सुस्कारा निघाला. त्यानं धूळ काय, पापणीही हलली नसती. तिनं कॅसेट घेतली, जोरात फुंकली, बसवली. टिणटिण सुरू झालं. तिनं हिरवा टँक घेतला. आईचा. पण आईचा हात नव्हता तिला. पाच मिनिटांत तिन्ही संपले.

"आता?"

"बटण दाब. मना एक तुले भेटी."

"तुम्ही काय दाबायचं?"

"देणारानी काही दाबानं नही ऱ्हास," सुकदेव म्हणाला. "त्याले कळत बी नही." आणि मग त्याचा अंगठा नुसताच त्या बटणावरून फिरला. किती वेळा दाबलं ते आठवत असावा. ती नेहमी म्हणायची 'ल्या, ल्या'. पण दाबून झाल्यावर.

दीपमालानं बटण दाबलं. कोपऱ्यातला दोनाचा एक झाला. मान भिंतीकडे करून ती मोठ्यानं ओरडली, "घेतला हो आबा! तुमचा एक जीव घेतला!"

पलीकडे काहीतरी स्टीलचं खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं.

सुकदेव हसला. दहा दिवसांत पहिल्यांदा. हसण्यातून खोकला निघाला आणि तो थांबेना. दीपमाला रिमोट टाकून पाणी आणायला धावली, पाठ चोळत बसली. फुलपात्र तिनं त्याच्या हातात दिलं, आणि वरून आपलाही हात धरून ठेवला.

उबळ ओसरली तेव्हा दोघांनी पडद्याकडे पाहिलं. वरून टँक आले होते. विटा फुटल्या होत्या. पिवळ्याकडे अजून एक जीव शिल्लक होता, आणि कावळा गेला होता.