ताईच्या भिंतीवरची काचपट्टी

भेगामास्तर हे नाव त्यांना गल्लीनं दिलं. उपनगरापर्यंत भुयारी रेल्वे न्यायचं ठरलं, तेव्हा जमिनीखाली यंत्र सोडलं आणि जमिनीवर ह्यांना. यंत्रानं खाली पोखरायचं, ह्यांनी वर घरोघरच्या भिंती न्याहाळायच्या. भेग दिसली की तिच्यावर काचेची पट्टी आडवी बसवायची, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, ओल्या गोळ्यावर खिळ्यानं तारीख. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते, आणि काच तडकली की घर त्याच दिवशी रिकामं करायचं. पण लोक बघायचे असे, की जणू मास्तर भेगा खिशातूनच आणतात.

एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, माझ्या आणि सुनेच्या मधेही एक पट्टी लावा."

मास्तर हसले नाहीत. आठ महिने भिंती बघून त्यांचा चेहराही भिंतीसारखाच झाला होता. मात्र कामात चोख. पट्ट्या स्वतः कापायचे आणि कडा दगडावर घासून बोथट करायचे. कुणाच्या लेकराचा हात कापायला नको.

थोरल्या बहिणीचं घर नेमकं मार्गावर आलं. भावजी गेल्यापासून ताई एकटीच, पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसलेली.

"तुझ्या रेल्वेला वळसा घालून जायला सांग," ती म्हणायची.

"ती वळत नाही, ताई."

"मग तुझ्यावरच गेलीये."

यंत्र दोन घरं अलीकडे आलं, त्या सकाळी मास्तर ताईकडे गेले. काच अखंड होती. तारीखही बरोबर. सवयीनं त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा कापला. रक्त आलं तरी ते बघतच राहिले, दुसऱ्याच कुणाचा अंगठा असावा तसे.

"कड घासलेली नाही," ते म्हणाले.

मशीनवरचा ताईचा पाय थांबला.

"जुनी कधी तडकली?"

"परवा. इतके महिने तुझं बघतेय, मला काय जमणार नाही?" मग आवाज उतरला. "आजचा दिवस गप्प बस. यंत्र खालून निघून जाईल. मला ह्या घरातच राहू दे रे."

मास्तरांनी वहीत लिहिलं: पट्टी तडकली, घर रिकामं करावं. साहेबांना फोन केला. यंत्र थांबलं. दुपारपर्यंत ताईची चार गाठोडी आणि मशीन टेम्पोत चढलं.

"तुला काहीच वाटत नाही का रे?" तिनं विचारलं.

मास्तरांनी आत चाचपून पाहिलं. दात काढल्यावर बधिर हिरडीवर जीभ फिरवावी, तसं.

"नाही," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि ताईच्या घराची मागची भिंत बसली. आत कुणी नव्हतं. लोक मास्तरांना देवमाणूस म्हणाले. त्यांनी शेजारच्या घरातली भेग मोजली आणि पुढं गेले.

रविवारी ते ताईच्या नव्या खोलीवर गेले. तिसरा मजला, गुळगुळीत रंग, मशीन ठेवायलाही जागा अपुरी. ताईनं चहा ठेवला. मास्तर उठून भिंतीवरून हात फिरवू लागले.

"बस खाली," ताई म्हणाली. "ही भिंत पडली तरी माझं काय जाणार आहे?"

मास्तर बसले. दोघांनी चहा घेतला.