मोठ्या भावाला हुकूम

संस्थान विलीन झालं, फौजेची फेररचना सुरू झाली आणि संस्थानाच्या घोडदळात असलेल्या आमच्या दादाला मुरारच्या छावणीतून निवडीसाठी बोलावणं आलं. नव्या फौजेत घेतलं तर नोकरी टिकणार, नाहीतर कायमचा घरी. पहिल्या खेपेला तो पिऊन पडला होता. दुसरी खेप मी मिळवली. दौलतगंजातलं माझं खोगिरांचं दुकान मी लिलावातला माल घासाघीस करून घेत उभं केलेलं. कुणापुढे वाकायची मला सवय नव्हती. तरी त्याच्यासाठी छावणीतल्या एका अधिकाऱ्यापुढे हात जोडले.

दादा बिनडोक नव्हता. रिसाल्यात त्याच्यासारखा घोडा कुणी तयार करत नसे. पण घरी उठणं, आंघोळ, कपडे, बाहेर पडणं, एवढंही त्याला एकापाठोपाठ जमत नसे. टॉवेल शोधायला निघायचा, वाटेत वहिनीशी भांडण उकरायचा, भांडणातून रुसायचा आणि रुसवा संपायचा बाटलीपाशी. सकाळी मला मिठी मारून म्हणे, "तूच माझा." दुपारी दुकानापुढे उभा राहून मला चोर म्हणे. नातेवाईक म्हणत, मनात आणलं तर करील. मनात तो रोज आणत होता! शपथा घेत होता, आणि त्यातली एकही खोटी नव्हती.

एकदा चिडून मी रिसाल्यातल्या दफेदारासारखा त्याच्यावर ओरडलो, "उठो! मुँह धोओ!" तो उठला. तोंड धुतलं. "कुर्ता पहनो!" कुर्ता घातला. मी गप्प झालो की तो आहे तिथेच थांबे. मग मी रोज सकाळी जाऊन एकेक काम सांगू लागलो. मधे रिकामी जागाच उरत नव्हती, तर बाटलीकडे जाणार कसा? वहिनी दाराआडून म्हणाली, "भावजी, भाजी आणायचाही एक हुकूम सोडा की." कित्येक महिन्यांनी ती हसली होती.

आईला ते खपलं नाही. निवडीच्या दिवशी सकाळी ती माझ्या आडवी आली.

"धाकटा आहेस तू. मोठ्यावर ओरडतोस? तुझ्या दुकानातला गडी आहे का तो?"

"आई, आजचा एक दिवस. तुझ्या पाया पडतो."

"त्याच्या पड. वर्दी मांडून ठेवलीय, दारात टांगा आहे. तो काय कुक्कुलं बाळ आहे?"

आज एकही हुकूम सोडायचा नाही, अशी वडिलांच्या तसबिरीची शपथ घालून तिनं मला बाहेर काढलं. शिपायाच्या घरात मोठ्याचा मान म्हणे! मी टांग्यात बसून राहिलो. टांगेवाला म्हणाला, "सेठजी, अंदर दूल्हा सज रहा है क्या?" त्याला शिवी हासडली.

वहिनी खिडकीत आली. "पट्ट्याचं बक्कलच घासतायत अजून." मी उडी मारून दाराशी गेलो. आई चौकटीत हात आडवे लावून उभी. तिच्या खांद्यावरून दादा दिसत होता. बक्कल आरशासारखं झालं होतं, तरी हात थांबत नव्हता. बूट बाजूला तसेच. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर करून अंगणातलं ऊन पाहिलं, वेळ गेल्याचं त्याला कळलं, आणि पट्टा माझ्या दिशेनं फेकून तो ओरडला, "तुम्हीच उशीर केलात!" मागच्या दारानं सरळ दारूच्या ठेक्यावर गेला.

नातेवाइकांत आईनं सांगितलं, धाकट्यानं पाणउतारा केला म्हणून त्याचं मन खचलं. अजूनही लग्नकार्यात हेच ऐकतो मी. फार उशिरा एका डॉक्टरांनी सांगितलं की व्यसन आणि असा विस्कटलेला स्वभाव एकत्र आले, की ठरवलेलं काम सुरू करणारा, वेळेवर थांबवणारा मेंदूतला कारभारच कोलमडतो. तो बाहेरून कुणीतरी चालवावा लागतो. मी तो चालवत होतो. फुकट. मला शिव्या मिळाल्या.

दादाला फौजेतून कमी केल्याचं कळलं, तेव्हा आई पहिल्यांदा माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक बसलं होतं.

"उद्यापासून येत जा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुझंच ऐकतो तो."

"आता काय सांगू त्याला? आंघोळ कर आणि घरात बस?"

गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मी आवाज खाली आणला नाही.