काळ्या केलेल्या दोन ओळी

माझी मावशी लढाईच्या काळात चार वर्षं पत्रांवर शाई फासायची. सरकारी काम होतं ते. टपाल कचेरीच्या माडीवर लांब टेबलाशी बारा बायका बसत आणि सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांतली गावं, तारखा, पलटणींच्या हालचाली ब्रशनं काळ्या करत. लढाई संपल्यावर पुरुषांना पदकं मिळाली आणि या बायकांना "उद्यापासून येऊ नका" एवढंच. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मावशीचा हात सगळ्यांत जलद, दिवसाला दोनशे पत्रं. पण तिचं एक खूळ होतं. वरचा मायना ती घडी घालून झाकायची आणि नजर फक्त नको त्या शब्दांवर ठेवायची. बाकीच्या जणी मिटक्या मारत वाचत आणि तिला चिडवत, "बाईसाहेब फारच सज्जन!" ती म्हणायची, "दुसऱ्याच्या बायकोला लिहिलेलं मी कशाला वाचू?"

एके दिवशी तिच्या धाकट्या भावाचं, माझ्या मामाचं, पत्र घरी आलं. आजीनं ते तिलाच वाचायला दिलं. खुशाली होती, बूट चावतात ही तक्रार होती, आईच्या गुडघ्यांची चौकशी होती. शेवटच्या दोन अख्ख्या ओळी मात्र काळ्या. मावशीचा ब्रश ओळ संपताना किंचित वर वळायचा. या दोन्ही ओळी तशाच वळल्या होत्या. सख्ख्या भावाचं पत्र हाताखालून गेलं आणि तिला अक्षरसुद्धा ओळखू आलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मामा गेल्याची तार आली.

मग आजी रोज ते पत्र खिडकीशी उजेडात धरायला लागली. शाई पक्की होती, काही दिसत नसे.

"गावाचं नाव असेल, आई," मावशी म्हणायची.

"दोन ओळींचं गाव असतं का गं कुठं?"

वर्षभर मावशीनं हे सहन केलं. मग एका दुपारी आजीचे पाय धरून तिनं सगळं सांगून टाकलं. आता आई आपलं तोंडही बघणार नाही, असं तिला वाटलं होतं. पण आजीचा चेहरा एकदम उजळला. तिनं मावशीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"म्हणजे तू वाचलंयस! अगं, मग सांग ना!"

पण दिवसाला दोनशे पत्रांतल्या त्या दोन ओळी मावशीला आठवतच नव्हत्या.

मला आजीचा राग येतो, मावशीचाही येतो, आणि दोघींसाठी रडूही येतं. त्यानंतर अकरा वर्षं, मरेपर्यंत, आजी जेवताना एकदा तरी विचारायची, "आठवलं का गं काही?"